उचललेले वजन जागेवर ठेवा

चाळिशी ओलांडली तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला सांगितले, नुसते चालणे पुरे नाही, थोडे वजनही उचलत जा; हाडे आणि स्नायू टिकवायचे तर त्याची गरज आहे. तेव्हापासून आम्ही जिमला जातो. मोहल्ल्याजवळच्या जिममध्ये दुपारी ३ ते ५ ही वेळ फक्त महिलांची. सकाळची शाळा सुटली, जोहरची नमाज आणि जेवण उरकले की आम्ही निघतो. दोन तास, दहा-बाराजणी आणि बेंच दोनच. इथे वजन उचलण्याइतकेच वाटून घेणेही शिकावे लागते, हे पहिल्याच आठवड्यात कळले.

बेंच अडवायची तऱ्हा आपल्या ओळखीचीच आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसा बेंचवर दुपट्टा टाकायचा, पाण्याची बाटली ठेवायची आणि आरशाजवळ गप्पा मारत उभे राहायचे. कोणी विचारले की उत्तर तयार, "माझा सेट चालू आहे." खोटे कशाला बोलावे, आम्हीही हे केले आहे.

एकदा घड्याळ लावून पाहिले. डंबेल दहा वेळा उचलायला अर्धे-पाऊण मिनिट लागते. त्यानंतर दीड-दोन मिनिटे दम खायचा. म्हणजे ज्या बेंचला आपण 'माझा' म्हणतो, तो बहुतेक वेळ रिकामाच असतो. आपण दम खाऊ तेवढ्यात दुसरीचा सेट सहज होतो, कधी तिसरीचाही. कोणाचे काही जात नाही. मजलिसीत दुसऱ्यासाठी जागा करून देण्याचा हुकूम सूरह मुजादलामध्ये (५८:११) आहे. वर्गात एका बाकावर तिसऱ्या मुलीला बसवताना ही शिकवण आम्ही कितीदा सांगितली असेल! जिमच्या बेंचवर मात्र ती आठवली नाही.

पण ज्या चुकीमुळे हे लिहायला बसलो, ती याहून मोठी आहे. एके दिवशी तिसरा सेट संपत असतानाच घरून फोन आला. पाच किलोचा डंबेल बेंचच्या मागे जमिनीवर ठेवून आम्ही घाईने निघालो. स्टँड चार पावलांवर होता. आमच्याच गल्लीतली एक नवी सून तेव्हा जिमला येऊ लागली होती, तिचा पहिलाच आठवडा. आरशासमोर व्यायाम करता करता ती मागे सरकली, पाय त्या डंबेलवर पडला, तो गरगरला आणि ती पडली. घोटा मुरगळला.

आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळले. डंबेल कोणी ठेवला होता, हे जिममध्ये कोणालाच माहीत नव्हते. आम्हाला माहीत होते. त्याहून वाईट हे की, जिमला येण्यासाठी त्या मुलीने घरच्यांची कित्येक महिने मनधरणी केली होती. आता घरात एकच वाक्य चालले होते, "सांगितले होते ना, हे बायकांचे काम नाही."

वाटेतली त्रास देणारी वस्तू बाजूला करणे हाही सदका आहे, हे आपण मुलांना मकतबपासून शिकवतो. आम्ही तर ती वस्तू वाटेत ठेवून आलो होतो. दोन दिवस गप्प राहिलो, तौबा केली. पण हुकूकुल इबादचा मामला असा की, ज्याचा हक्क मारला त्याच्याकडे गेल्याशिवाय तो मिटत नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो आणि सासूबाईंच्या समोरच सगळे सांगितले. सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मॅडम, चूक तुमची होती, आणि आम्ही चार दिवस पोरीला बोलतोय." आम्हाला मान वर करवेना. सून तीन आठवड्यांनी जिमला परत आली, अल्हम्दुलिल्लाह.

तेव्हापासून काही गोष्टी आम्ही पक्क्या केल्या आहेत. डंबेल ज्या खणातून घेतला त्याच खणात ठेवायचा. रॉडच्या प्लेट काढताना दोन्ही बाजूंच्या आळीपाळीने काढायच्या; एकाच बाजूच्या सगळ्या काढल्या तर रॉड कलंडू शकतो. घामासाठी आपला टॉवेल आणायचा आणि उठताना बेंच पुसायचा. तहारत फक्त वुजूपुरती नसते. कोणी वजन उचलत असेल तर मध्येच बोलायचे नाही. तिने खाली ठेवले की विचारायचे, "बाजी, किती सेट राहिलेत? मधे मी करू का?" आणि आपल्याला कोणी विचारले तर तोंड वाकडे न करता सरकायचे.

मोबाइलबद्दल वेगळे सांगायला हवे. महिलांच्या वेळेत कितीतरी भगिनी बुरखा, ओढणी बाजूला ठेवून निश्चिंत मनाने व्यायाम करतात. आपण स्वतःचा फोटो काढतो, पण आरशात मागची बाईही येते. तो फोटो कुठवर फिरेल, हे आपल्या हातात राहत नाही. तिची बेपर्दगी आपल्या हातून होऊ नये. ती आपल्यावर विश्वास ठेवून तिथे आली आहे, ही अमानत आहे. जिममध्ये फोन पर्समध्येच राहू द्यावा.

घरातल्या मुलांनाही हे सांगा. ती रात्री इशानंतर जिमला जातात आणि किती किलो उचलले ते कौतुकाने सांगतात. कौतुक जरूर करा, पण एक प्रश्नही विचारा, "बेटा, उचललेले जागेवर ठेवलेस का?" अल्लाह आपल्याला ताकदही देवो आणि दुसऱ्याचा हक्क ओळखण्याची तौफीकही. आमीन.