फिटिंग फुकट, सेटिंग कुणी करायचं?

नवा कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून दुकानात जा, उत्तर ठरलेलं असतं: "रॅम वाढवा." वर "ग्राफिक कार्डही टाकून घ्या" अशी फोडणी. हा सल्ला मला कधीच पटला नव्हता, आणि आताच्या भावात तर तो ऐकवतही नाही. २०२५ च्या शेवटापासून जगभर रॅमचे भाव भडकले आहेत. मेमरी बनवणारे कारखाने एआयच्या डेटा सेंटरांची भूक भागवण्यात गुंतलेत आणि घरगुती गिऱ्हाइकाला चढा भाव मोजावा लागतोय. अशा वेळी आधी घेतलेली रॅम पुरती कामाला लागली आहे का, हे न बघता आणखी गळ्यात मारायची, ही एक तर लूट आहे नाहीतर आळस. माझ्या मते बहुतेक वेळा आळसच.

मी डीटीपी करते. अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची पानं लावता लावता पेजमेकर गेला, इनडिझाइन आलं, ऑफिस मोडून काम घरी आलं. मशीन मात्र कायम असेंबल करूनच घेतलं. दिवाळी अंकाच्या धांदलीत ते रुसलं तर दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसायची सोय नसते, त्यामुळे झाकण उघडायची भीती केव्हाच मोडली. सोसायटीतही आता हे सगळ्यांना ठाऊक झालंय.

परवा वरच्या मजल्यावरचा मुलगा आला. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "काकू, नवीन पीसी आहे, पण स्केचअपमध्ये मॉडेल फिरवलं की अडकत अडकत फिरतं. दुकानदार म्हणतो रॅम वाढव." मशीन रायझन ५ ५६००जी चं. या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स असतं, त्यामुळे वेगळं कार्ड लागत नाही. पण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मशीनच्या रॅमवरच जगतं. रॅम मंद तर चित्रही मंद. घरच्यांनी ८ जीबीच्या दोन स्टिक घेतल्या होत्या, डब्यावर ठळक ३२०० छापलेलं. म्हणजे निवड अगदी योग्य होती.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं. स्पीड: २४००. पैसे ३२००चे, चाल २४००ची. मग सीपीयू-झेड नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात दिसलं की दोन स्टिक असूनही प्रोसेसरपर्यंतचा रस्ता, म्हणजे चॅनल, एकच चालू आहे. कॅबिनेटची बाजू उघडली तेव्हा कारण समोरच होतं. मदरबोर्डवर चार खाचा, आणि जोडणाऱ्याने दोन्ही स्टिक प्रोसेसरजवळच्या पहिल्या दोन खाचांत शेजारी शेजारी बसवलेल्या. या बोर्डावर त्या दोन्ही खाचा एकाच चॅनलच्या आहेत. दोन स्टिक असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा, असं डब्यातल्या माहितीपुस्तिकेत चित्र काढून दाखवलंय. ती पुस्तिका अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होती.

वायर काढून, हात धातूच्या कॅबिनेटला लावून (अंगातली स्थिर वीज चिपला मारू शकते) स्टिक योग्य खाचांत हलवल्या. दोन्ही बाजूंचा टक असा आवाज आल्याशिवाय स्टिक बसली असं समजू नये. पुन्हा चालू केल्यावर पडदा काही वेळ काळाच राहिला आणि मुलाचा चेहरा उतरला. रॅमची जागा बदलली की मदरबोर्ड ती नव्याने तपासून घेतो. नव्या डीडीआर५ प्रकारच्या रॅममध्ये तर हा वेळ आणखी लागतो. घाबरून बटण दाबायचं नाही. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केलं. डब्यावरचा वेग त्या सेटिंगशिवाय मिळेलच असं नसतं. डीडीआर५ मध्येही तेच, ६००० लिहिलेली स्टिक सहसा ४८०० वर सुरू होते. एएमडीच्या नव्या बोर्डांवर या सेटिंगला एक्स्पो म्हणतात, एवढाच फरक. काम झालं, खर्च शून्य, आणि मॉडेल गुळगुळीत फिरू लागलं.

आता दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. आपण ऑनलाइनचा भाव मोबाइलवर दाखवून प्रत्येक पार्टवर शे-दोनशे रुपये तोडतो आणि शेवटी वर म्हणतो, "फिटिंगचे काही घेऊ नका हं." तोही नाही घेत. दुकानातला पोरगा स्क्रू आवळतो, विंडोज टाकतो, पडद्यावर चित्र उमटलं की मशीन डब्यात घालतो. शेवटचा अर्धा तास, ज्यात मशीन खऱ्या अर्थाने तयार होतं, त्याचे पैसे कुणी दिलेलेच नसतात. मग तो करणार तरी का?

त्या अर्ध्या तासात काय काय निसटतं ते मी पाहिलंय. वेगळं ग्राफिक कार्ड घेतलंय आणि मॉनिटरची केबल मात्र मदरबोर्डच्या पोर्टला लावलीय, म्हणजे महागडं कार्ड आत नुसतं बसून. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालतोय. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म तशीच ठेवून तो प्रोसेसरवर बसवलाय. अशा वेळी प्रोसेसर काही मिनिटांत नव्वदीच्या पुढे तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. आणि सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार: जुना डेटा जाऊ नये म्हणून जुन्या हार्डडिस्कवरचं विंडोज, दोन-दोन अँटिव्हायरससकट, जसंच्या तसं नव्या मशीनला जोडलेलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे सर्वसाधारण अपडेट थांबले, ११ जुन्या मशीनवर चढेना, म्हणून पुष्कळांनी नवं घेतलं. पण ती फिरणारी तबकडी तशीच ठेवली तर प्रोसेसर कितीही नवा असो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटलेली दिसणारच. विंडोज एसएसडीवर नव्याने टाकावं, जुनी डिस्क फोटोंपुरती ठेवावी.

"नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो," हे दुकानदाराचं दुसरं लाडकं वाक्य. त्यात थोडं तथ्य आहे. पहिल्या दिवशी विंडोज अपडेट उतरवत असतं, फायलींची सूची करत असतं, तेव्हा मशीन जड वाटतं. पण आठवड्यानेही तसंच असेल तर ते "सेट" होणार नाही. आणि काही वेळा पार्ट खराब निघतोच. भलत्याच स्वस्तात मिळालेली, कुणाची ते कळत नसलेली एसएसडी मोठी फाइल चढवताना रांगायला लागते. तिला सेटिंगने काही होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. म्हणून आधी सेटिंग तपासायचं, ते ठीक असेल तर पार्टवर संशय घ्यायचा. दुकानांत हा क्रम नेमका उलटा चालतो, कारण पार्ट विकले की पैसे मिळतात, सेटिंग तपासलं की नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे: फिटिंगचे पैसे द्या. वेगळे, बिलावर लिहून. पाचशे रुपये म्हणा. एक जास्तीची स्टिक त्याच्या कितीतरी पट महाग पडते. पण त्या बदल्यात मशीन दुकानातच चालवून दाखवायला लावा. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग डब्यावरच्या आकड्याशी जुळतो का, दोन्ही चॅनल चालू आहेत का, विंडोज एसएसडीवर आहे का, प्रोसेसर दहा-पंधरा मिनिटं पूर्ण ताणल्यावर किती तापतो. असेंबल मशीनला एकत्र वॉरंटी सहसा नसते, प्रत्येक पार्टची वेगळी असते. म्हणून बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर हवा, आणि डबे व पुस्तिका घरी न्यायच्या. बिल असूनही दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. आणि "एवढं कुणी बघत नाही हो," असं म्हणून कुणी चालवून दाखवायलाच तयार नसेल, तर पैसे देण्याआधी शेजारच्या दुकानात चला.