टेबलामागचा चित्रकार



वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणारे एखादे पोरगे आपल्या प्रत्येक वस्तीत असते. गणिताच्या वहीत गणिते कमी आणि घोडे, आगगाड्या, लढाया जास्त. मास्तर कान पिळतात. आई म्हणते, "चित्रांनी पोट भरते का रे?" आईचा प्रश्न खोटा नाही. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, त्या घरात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण विचारून थांबू नये, त्याचे उत्तरही शोधावे. म्हणून आज चित्रकथा काढणाऱ्या माणसांविषयी थोडे सांगतो.

फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट येथे 'कॉमिक कॉन' नावाचा मेळावा भरला. चित्रकथांच्या चाहत्यांचा आपल्या देशातील हा पहिला मोठा मेळावा. 'अमर चित्रकथा' सुरू करणाऱ्या अनंत पै यांना त्या वेळी जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला आणि लगेच २४ फेब्रुवारीला ते वारले. पुढे मुंबईतही असे मेळावे भरू लागले.

या मेळाव्यात एका बाजूला टेबले ओळीने मांडलेली असतात. प्रत्येक टेबलामागे एक चित्रकार. समोर त्याने स्वतः काढलेली, पुष्कळदा स्वतःच पदरमोड करून छापलेली पुस्तके. मुंबईचे अभिजित किणी यांचेच उदाहरण घ्या. 'टिंकल' मासिकात त्यांनी चित्रे काढली. पण 'अँग्री मावशी' ही नऊवारी नेसलेली, अन्याय दिसला की पदर खोचून उभी राहणारी मुंबईची बाई त्यांनी स्वतः उभी केली, स्वतः छापली आणि अशा मेळाव्यात टेबलावर मांडून स्वतः विकली. पुस्तक दुकानातून गेले की किमतीतला मोठा वाटा वितरक व दुकानदार यांच्याकडे जातो. इथे वाचकाचा पैसा थेट चित्रकाराच्या हातात पडतो.

टेबलामागे बसणे सोपे नाही. बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईसारखेच ते आहे. सकाळी माल मांडायचा. कोणी उचलून पाहतो आणि ठेवून देतो. कोणी भाव करतो. जागेचे भाडे निघेल की नाही, हा घोर दुपारपर्यंत असतो. मग एखादे मूल येते, पान उघडते आणि विचारते, "हे तुम्ही काढले?" वर्षभर एकट्याने मान मोडून काम करणाऱ्याला आपला वाचक तेव्हा पहिल्यांदा दिसतो.

आता कोणी म्हणेल, ओळख झाली म्हणून काय मिळते? त्यासाठी अमेरिकेच्या जॅक कर्बी यांची हकिकत ऐका. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतला हा मुलगा. वडील कपड्याच्या कारखान्यात राबत. १९४० मध्ये कर्बी यांनी जो सायमन यांच्यासोबत 'कॅप्टन अमेरिका' निर्माण केला. पुढे स्टॅन ली यांच्याबरोबर 'हल्क', 'फँटास्टिक फोर' अशी कितीतरी पात्रे घडवली. पण मेहनताना पानावर ठरलेला. पात्रांची मालकी कंपनीची आणि हाताने काढलेली मूळ पानेसुद्धा कंपनीच्याच ताब्यात. १९७० मध्ये सान दिएगो शहरात चाहत्यांचा मेळावा सुरू झाला, तेव्हापासून कर्बी तिथे जात, पोराटोरांशी तासन्‌तास बोलत. लोकांना पात्रामागचा हात कळला. म्हणून मूळ पानांचे भांडण पेटले तेव्हा वाचक आणि इतर चित्रकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सह्या झाल्या, लेख आले. अखेर १९८७ मध्ये कंपनीने दोन हजारांच्या आसपास पाने परत दिली. सगळी नाही, पण दिली. राबणाऱ्याचे नाव लोकांना माहीत असले, तर त्याचा हक्क दाबणे अवघड जाते, एवढे यावरून समजावे.

असा मेळावा आपल्याला परका आहे काय? मुळीच नाही. ६ डिसेंबर जवळ आला की आपल्या शेगाव स्टेशनावरून माणसे शिदोरी बांधून दादरला निघतात. विजयादशमीला नागपूरची गाडी धरतात. शिवाजी पार्कवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथे लेखक, कवी आपली पुस्तिका स्वतः मांडून बसलेले असतात, कोणी टेबलावर तर कोणी प्लास्टिकच्या कागदावर. कर्ज काढून एक वेळ जेवणारी माणसेही तिथून पुस्तक घेतल्याशिवाय परतत नाहीत. आपल्या समाजाने ही रीत कोणाकडून उसनी घेतलेली नाही.

मात्र त्या स्टॉलवर लहान मुलांसाठी चित्रकथा किती असतात, हेही पाहावे. बाबासाहेबांवर 'अमर चित्रकथे'ने १९७९ मध्ये अंक काढला, त्याची चित्रे दिलीप कदम यांची. २०११ मध्ये दिल्लीच्या 'नवयान' प्रकाशनाने 'भीमायन' काढले. त्याची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड दांपत्याची. दुर्गाबाई लहानपणी घराच्या भिंतींवर आणि अंगणात चित्रे काढायला शिकल्या. त्यांनी चौकटी आखायला नकार दिला. पात्रांना कोंडायचे नाही, मोकळे ठेवायचे, असे दोघांचे म्हणणे. जातीचे विष ओकणाऱ्याच्या बोलण्याला त्यांनी विंचवाची नांगी लावली आणि मायेच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार दिला. अक्षर न वाचणाऱ्या आजीलाही कोण कसा बोलतो, ते कळते. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मिळाली नसती, तरी त्या विंचवाचे मोल कमी झाले नसते.

तेव्हा पालकांनो, चित्र काढणाऱ्या पोराचा कान पिळण्याआधी दोन गोष्टी करा. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा असतात, त्यांची चौकशी करा. फी थोडी असते आणि हाताला वळण लागते. चित्रांनी लगेच पोट भरेल, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. गणित सुटू देऊ नका. पण वहीही फाडू नका.

आणि पुढच्या खेपेला दादरला किंवा नागपूरला जाल, तेव्हा त्या पोराला सोबत न्या. मुलांसाठी चित्रे काढणारा कोणी स्टॉलवर दिसला, तर नुसते पान उलटून पुढे जाऊ नका. त्याचे नाव विचारा, एखादे पुस्तक घ्या, त्यावर सही मागा. आपल्या पोराला त्याच्यासमोर उभे करा आणि वही दाखवू द्या. चित्रे काढणारा हात आपल्यासारख्याच माणसाचा असतो, हे त्याला पुस्तकापेक्षा त्या हाताकडे पाहून लवकर पटेल.