शिल्लक म्हणजे खर्च नव्हे

आमच्या ओळखीत अधूनमधून कोणीतरी घाबराघुबरा होऊन सांगतोच, "अरे, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घुसलंय. सिस्टम आयडल प्रोसेस! ९८ टक्के सीपीयू खातंय!" दुरुस्तीवाल्याने तोवर गंभीरपणे मान हलवून फॉर्मॅट मारलेला असतो. पैसे गेलेले असतात, कधीकधी मुलांचे लहानपणचे फोटोही.

मंडळी, हा एकतर शुद्ध भामटेपणा आहे, नाहीतर शुद्ध अज्ञान. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच महाग पडतात.

आयडल म्हणजे रिकामा. ते ९८ टक्के कुणी खाल्लेले नाहीत, उरलेले आहेत. पासबुकातली शिल्लक बघून "केवढं हे कर्ज!" म्हणून गळा काढावा, त्यातला प्रकार. प्रोसेसरला दुसरं काम नसलं की विंडोज या प्रोसेसची पाळी लावते, आणि ती त्याला सांगते, "थांब जरा, काही आलं की उठवू." प्रोसेसर डुलकी घेतो, वीज कमी लागते, पंखा शांत होतो. खरं काम आलं की ही लगेच बाजूला. ती बंदही करता येत नाही. रिकामपण कसं बंद करणार?

गंमत बघा. विंडोज ९५ ला हे थांबणं जमत नसे. रिकामा प्रोसेसरही उगाच फिरत तापायचा. तेव्हा लोक तो थांबावा म्हणून मुद्दाम सॉफ्टवेअर शोधून टाकत. आज तीच सोय फुकट मिळते, तर ती घालवायला पैसे मोजतात!

"पण फॉर्मॅटनंतर फास्ट झाला की!" झाला असेल. सुरू होतानाच आपोआप चालणारी डझनभर सॉफ्टवेअरं गेली म्हणून. ती टास्क मॅनेजरमधून फुकटात बंद करता येतात. आणि नव्या विंडोजवरही ती ओळ पुन्हा ९८ दाखवते, ते कुणी बघत नाही.

थोडा दोष मायक्रोसॉफ्टचाही. उरलेल्या वेळेला "प्रोसेस" म्हणून कामकऱ्यांच्या पंगतीत बसवलं कुणी? २०१२ च्या विंडोज ८ पासून ती पहिल्या पानावर दिसत नाही, पण डिटेल्समध्ये आहेच.

आयडल ९८ आणि तरी मशीन रखडतंय? मग प्रोसेसर बिचारा निर्दोष. डिस्क आणि मेमरीचे आकडे बघा. तुम्ही काहीच करत नसताना आयडल ५ वर आला आणि तिथेच राहिला, तर मात्र कोण राबतंय ते शोधा.

आणि दुरुस्तीवाल्याला आधी विचारा, "आयडल म्हणजे काय हो?" उत्तर नीट आलं तरच पाकिटाला हात घाला.