उसाच्या वाटेने जग दाखवा

मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, पुणे यांस,



निरवांगीतली एक पालक म्हणून हे लिहिते आहे. प्राथमिक शाळेत जगाची ओळख करून द्यायची म्हटलं की झेंडे रंगवले जातात, कुणाला किमोनो नेसवतात, राजधान्या पाठ होतात, फोटो निघतात. मुलं हौसेनं सगळं करतात. पण त्या झेंड्याखालची माणसं कशावर पोट भरतात, कशापायी घर सोडतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. आमच्या नीरेकाठच्या मुलांच्या दारात ऊस उभा आहे. जगाची ओळख तिथून करून द्यावी, एवढंच माझं मागणं आहे.

ऊस मूळचा न्यू गिनी बेटाकडचा. याच उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून भारतातली सुमारे साडेचार लाख माणसं करारावर मोरिशसला नेली गेली. त्यांत रत्नागिरीकडची मराठी कुटुंबंही होती. पोर्ट लुईसला ती उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. त्यांची नातवंडं-पतवंडं आज घरी क्रिओल बोलतात, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि तिथल्या प्राथमिक शाळांत मराठी हा विषय शिकता येतो.

आमच्या चौथीतल्या पोराला हा इतिहास परका वाटणार नाही. मुकादमाकडून उचल घेऊन बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्या तो दर हंगामात पाहतो. कोप्या कुठे पडतात, वाढे कुणाच्या गोठ्यात जातात, त्याला ठाऊक आहे. टोळीतलं एखादं मूल काही महिने त्याच्या शेजारी बसतं, आणि बहुतेक वेळा गप्पच बसतं. त्याच्या घरी गोरमाटी बोलत असतील, तर त्याला त्या बोलीत एक गोष्ट सांगू द्या. बाकीच्यांनी ऐकावी, न कळलेलं विचारावं. जपानी नमस्कार शिकवण्याआधी हे व्हावं, असं मला फार मनापासून वाटतं. वर्गातल्या परगावच्या मुलाची भाषा ज्यांनी कधी ऐकली नाही, त्यांना परदेश कसा कळणार? पुढे मेंढपाळांच्या वाड्यावरून मंगोलियातल्या मेंढपाळांपर्यंतही जाता येईल.

हे होण्याजोगं आहे. भीमेपलीकडे माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले गुरुजींनी मुलांना परदेशातल्या मुलांशी बोलतं केलं. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. पण प्रत्येक शाळेनं एकट्या गुरुजींच्या जिद्दीवर का अवलंबून राहावं? दोनशिक्षकी शाळेत माहिती भरण्यातच दिवस जातो. मोरिशसच्या शिक्षण खात्याशी पत्रव्यवहार आपल्या कार्यालयानं करावा, आणि इंदापूर तालुक्यातल्या शाळा तिथल्या मराठी वर्गांशी जोडून द्याव्यात.

वेळेची अडचण नाही. इथे अकरा वाजतात तेव्हा तिथे साडेनऊ झालेले असतात. तुमच्याकडे ऊस कोण तोडतं, मोदकात काय भरता, शाळेत जाताना समुद्र दिसतो का, हे मुलांनी आपापलं विचारावं; प्रश्न पाठ करून घेऊ नयेत. पहिला तास नोव्हेंबरात ठेवावा. तेव्हा तिथला हंगाम संपत आलेला असतो, इथला सुरू झालेला असतो, आणि टोळ्यांची मुलंही वर्गात असतात.

आपली,
निरवांगीतील एक पालक