टाच मोडते, ती परांचीवर

घोट्याखालच्या सात हाडांत टाचेचे हाड सर्वांत मोठे. बाहेरून पातळ कवच आणि आत जाळीदार भाग, अशी त्याची रचना असते. माणूस उंचावरून पायांवर पडला, की वरचे हाड पाचरीसारखे त्यात घुसते आणि टाच चेपून रुंद होते. अशा सुमारे तीन-चतुर्थांश अस्थिभंगांत भेग सांध्यापर्यंत जाते. म्हणूनच हाड जुळले तरी खडबडीत जमिनीवर चालताना पाय दुखत राहतो.

एकूण अस्थिभंगांत टाचेचे प्रमाण जेमतेम 1 ते 2 टक्के. पण रुग्ण कोण, हे पाहिले की चित्र बदलते. त्यांत बहुसंख्य कामाच्या वयातले पुरुष असतात आणि मुख्य कारण उंचावरून पडणे हेच असते. त्याखालोखाल वाहनांचे अपघात. गवंडी, रंगारी, माडावर चढणारे यांना हा धोका रोजचाच. दर दहांपैकी सुमारे एका रुग्णाच्या पाठीच्या मणक्यालाही इजा झालेली असते. त्यामुळे रुग्ण फक्त टाच दुखते म्हणाला, तरी त्याची पाठ तपासलीच पाहिजे.

शस्त्रक्रिया केली की सारे पूर्ववत होते, हा समजही खरा नाही. ब्रिटनमधील एका चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. हाड सरकलेल्या, पण टाचेचा आकार फार न बिघडलेल्या रुग्णांत शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले यांच्या दुखण्यात व हालचालीत दोन वर्षांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही. उलट शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत अधिक दिसली. धूम्रपान करणाऱ्यांत आणि मधुमेहींत जखम चिघळण्याचा धोका आणखी वाढतो. काही रुग्णांना शस्त्रक्रिया लागतेच, पण ती सरसकट उपाय नव्हे.

उपचार कोणताही असो, कित्येक आठवडे त्या पायावर भार देता येत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याला हे कसे परवडावे? तेव्हा खरा इलाज बांधकामाच्या जागी आहे. भक्कम परांची, कठडा, जाळी आणि सेफ्टी बेल्ट यांचा खर्च एका मोडलेल्या संसारापेक्षा नक्कीच कमी. बांधकाम कामगारांच्या सुरक्षेचा कायदा 1996 मध्ये झाला. ती सुरक्षा जागेवर दिसायला हवी.

रुग्णालयांनीही केसपेपरवर केवळ 'पडून दुखापत' असे लिहून थांबू नये. किती उंचीवरून, कोणते काम करताना, पट्टा होता का, याची नोंद झाली, तरच पुढची टाच वाचवता येईल.