मोलकरणीचे मोल कोण ठरविणार?

८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महोदयांनी 'लिओ' हे नाव धारण केले. त्यामागचे कारण सांगताना त्यांनी पोप लिओ तेरावे ह्यांच्या १८९१ सालच्या 'रेरुम नोव्हारुम' ह्या परिपत्रकाचे स्मरण केले. उभयपक्षी संमती झाली एवढ्यावरून वेतन न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह त्यातून झालाच पाहिजे, असे त्या परिपत्रकाचे प्रतिपादन आहे. गिरणी कामगारांविषयी आपण हे सहज मान्य करतो. जळगाव वा धुळे येथील आपल्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या भगिनीचा पगार ठरविताना मात्र 'शेजारी किती देतात?' एवढाच प्रश्न विचारला जातो.

महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणीकृत कामगारास प्रसूती, मुलांचे शिक्षण, अपघात व अंत्यविधी ह्यांसाठी साहाय्य मिळावे, अशी त्यात तरतूद आहे. पगाराचा दर मात्र हा कायदा ठरवीत नाही. केरळ, कर्नाटक, राजस्थान ह्या राज्यांनी घरकामाचे किमान वेतन अधिसूचित केले. १६ जून २०११ रोजी जिनिव्हात घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार क्रमांक १८९ संमत झाला. भारताने बाजूने मत दिले, परंतु अनुसमर्थन केले नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्या कामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिती नेमावी, असे केंद्राला सांगितले.

पुण्यातील मोलकरणी ह्या साऱ्याच्या कितीतरी आधी, १९८० साली, संपावर गेल्या होत्या. पगारवाढ व हक्काची रजा ह्या त्यांच्या मागण्या होत्या. १९८५ साली सिस्टर जीन डिव्होस ह्या बेल्जियन धर्मभगिनीने राष्ट्रीय घरकामगार चळवळीचा पाया घातला. खानदेशात असा दबाव नसल्याने हिशेब आपल्यालाच करावा लागेल, आणि तो फारसा कठीण नाही.

समजा, एका घरी भांडी, झाडलोट व फरशी ह्यांस रोज सव्वा तास लागतो आणि महिन्याला १,२०० रुपये दिले जातात. तीस दिवसांचे साडेसदतीस तास होतात. म्हणजे तासाला ३२ रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागल्यास तासाला ३९ रुपये पडतात. तेवढ्याच दराने ह्या घराचे सुमारे १,४६० रुपये झाले असते. रोजगार हमीचा दर हा काही चैनीचा दर नव्हे, तरीही आपण त्याच्या खालीच राहिलो. शिवाय एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ ह्यात धरलेलाच नाही.

ज्या वस्तीत नळाला रोज पाणी येत नाही, तेथे पाण्याच्या दिवशी साठलेले सारे धुणे एकदम निघते. लग्नसराईत पाहुणे वाढतात, भांडी वाढतात, पगार तोच. मे महिन्यातील दुपारी ऊन लागून ती दोन दिवस आली नाही की 'खाडा' धरला जातो. आपण स्वतः आठ दिवस गावी गेलो तरी कित्येक घरांत तेवढेच पैसे कापले जातात. ह्या दुसऱ्या कपातीचे समर्थन मला कधीच समजलेले नाही. आपल्या सोयीने काम थांबविले, तर तोटा तिने का सोसावा? आठवड्याची एक पगारी सुट्टी, दिवाळीस एका महिन्याचा पगार आणि दर वर्षी महागाईनुसार वाढ, एवढे आरंभीच बोलून ठरविले तर पुढची निम्मी कुरबुर टळेल. दिलेली उचल व केलेली कपात एका वहीत लिहून तिलाही वाचून दाखवावी.

'आम्हीही बेताच्या मिळकतीचे,' हा आक्षेप खोटा नाही. पेन्शनवर जगणाऱ्या घराने पूर्ण काम सांगून अर्धा पगार देण्याऐवजी काम कमी सांगावे. एक दिवसाआड बोलवावे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, असे म्हटले आहे. तेथे शेतातील कापणी करणारे आहेत. येथे मोरीशी बसलेली स्त्री आहे.

कल्याण मंडळाची नोंदणी १८ ते ६० वर्षे वयोगटासाठी आहे आणि तीत घरमालकाने ती आपल्याकडे काम करते असे लिहून द्यावे लागते. ते पत्र देण्यास पुष्कळ घरे कचरतात. पुढे काही जबाबदारी अंगावर येईल, अशी धास्ती असते. त्या एका सहीवाचून तिचा अर्ज अडून राहतो.