‘मूनस्टोन’चा नायक कोण?

विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ या १८६८ सालच्या कादंबरीचा नायक स्कॉटलंड यार्डचा सार्जंट कफ होय, असे मत रहस्यकथांचे रसिक ज्या निःशंकपणे मांडतात, त्याचा पाया एवढाच की, गुन्ह्याचा तपास ज्याच्याकडे सोपविला, कथेचे स्वामित्वही त्याच्याकडेच गेले पाहिजे. हा न्याय मला मुळातच अमान्य आहे.

दारावरील ओल्या रंगाला लागलेल्या डागाचे मोल स्थानिक पोलिस अधिकारी सीग्रेव्ह याला उमगले नाही, ते कफने क्षणात ओळखले, ही त्याची कुशाग्रता निर्विवाद आहे. परंतु त्या आधारावर त्याने बांधलेला तर्क, म्हणजे रेचेल व्हेरिंडरनेच गुप्त कर्जापायी आपला चोरीस गेलेला ‘मूनस्टोन’ हिरा दडविला आणि मोलकरीण रोझॅना तिला सामील आहे हा, सपशेल खोटा ठरतो. रेचेलची आई लेडी व्हेरिंडर त्याचा मेहनताना चुकता करून त्याला निरोप देते, आणि पुढे कथेच्या फार मोठ्या भागात हा गृहस्थ आपल्या गुलाबांत रमलेला असतो. अखेरीस खऱ्या गुन्हेगाराचे नाव तो बंद लिफाफ्यात अचूक लिहून देतो हे मान्य. पण तोपर्यंत रहस्याची मुख्य गाठ डॉक्टरचा सहायक एझ्रा जेनिंग्ज याच्या साहाय्याने दुसऱ्यानेच सोडविलेली असते.

तो दुसरा म्हणजे फ्रँकलिन ब्लेक. पोलिसांना बोलावण्यात पुढाकार त्याचा, आणि वाळूच्या दलदलीतून निघालेल्या पेटीतील रंगाने डागाळलेल्या झोपण्याच्या अंगरख्यावर नाव आढळते तेही त्याचेच! त्याच्या नकळत पाजलेल्या अफूच्या अमलाखाली हिरा त्यानेच उचलला होता, आणि ज्या रेचेलवर त्याचे प्रेम तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही मौन पाळले होते. फिर्यादी, आरोपी आणि शोधक या तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या वाट्याला याव्यात, आणि स्वतःविरुद्धचा सज्जड पुरावा हाती आल्यावरही तो नष्ट न करता त्याने तीच अफू पुन्हा घेऊन साक्षीदारांदेखत स्वतःची परीक्षा करवून घ्यावी, यात जे नैतिक धैर्य आहे, त्याच्या पासंगालाही कफची निरीक्षणशक्ती पुरत नाही.

धनंजयाच्या ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रीय ग्रंथानुसार फलाचा जो स्वामी, तोच मुख्य कथावस्तूचा अधिकारी. यावर कोणी म्हणेल की, फळ तर हिरा, आणि तो १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीच्याही आधीपासून त्याच्या मागावर राहिलेल्या ब्राह्मणांच्या परंपरेला मिळून अखेर सोमनाथाच्या चंद्रदेवाकडे परततो. आक्षेप वजनदार आहे, आणि त्या ब्राह्मणांची निष्ठा मला या कादंबरीतील सर्वांत उदात्त गोष्ट वाटते. तथापि त्यांना कोणतेही रहस्य उलगडायचे नसते. हिरा कोणाचा याविषयी त्यांच्या मनात कधीच संदेह नव्हता. वाचकाला शेवटच्या पानांपर्यंत खिळवून ठेवणारा प्रश्न ब्लेक दोषी की निर्दोष हा आहे, त्याच्या निर्णयाने मिळणारी निष्कलंकता आणि रेचेल ही दोन्ही फळे ब्लेकच्याच पदरात पडतात, आणि व्हेरिंडरांचा कारभारी बेटरेज याच्यापासून जेनिंग्जपर्यंतच्या साऱ्या कैफियती मागवून हे दप्तर सिद्ध करणाराही तोच आहे. सार्जंट कफ हा या कादंबरीतील पहिल्या प्रतीचा तपासनीस आहे. नायकपदावर मात्र त्याचा हक्क पोहोचत नाही.